मध्यंतरानंतरचा सिनेमा

कारेगावात कांद्याचा वास सहसा येत नाही. इथे कंपन्यांच्या बसचा धूर येतो. खालच्या मजल्यावर बिहारकडची पाच-सहा मुलं राहतात, त्यांच्या मोहरीच्या तेलाचा वास दुपारी जिन्यात भरून राहतो. पण फाल्गुन सरत आला की कांद्याने भरलेल्या ट्रॉल्या हमरस्त्याने जाऊ लागतात आणि त्यांतून उडालेली तांबूस सालं आमच्या फाटकापाशी येऊन अडकतात. परवा दूध आणायला उतरले, तर वॉचमन ती झाडत होता. मी म्हटलं, "राहू द्या हो." तो बघतच राहिला. मी पिशवी सांभाळत वर आले.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झाले आणि वर्षभरातच हे गेले. तेव्हापासून मुलाकडे असते. मुलगा आणि सूनबाई दोघंही कंपनीत, दोघांच्या शिफ्ट उलट्या. एकाने बूट काढावेत आणि दुसऱ्याने घालावेत. दोघं एकमेकांना निरोप ठेवतात ते माझ्याजवळ. मायाळू आहेत, तक्रार कशाची करायची? पण दुपारी घरात फक्त फ्रिजचा आवाज असतो, आणि तो मध्येच बंद पडला की मी दचकते.

त्याच दिवशी दुपारी सूनबाईने निघता निघता टीव्ही लावून दिला.

"आई, हा बघा. लहान पोरांनासुद्धा पाठ आहे. एकट्या असलात तरी हसाल."

पडद्यावर नाव आलं आणि माझा हात रिमोटकडे गेला. पण ती दारात चप्पल घालत होती, तिच्यादेखत बंद कसा करायचा? दार लागलं, तिची पावलं जिन्यावरून उतरून गेली. मी रिमोट हातात घेतला आणि तसाच मांडीवर ठेवून बसले.

हा सिनेमा न पाहिलेला माणूस आपल्याकडे शोधूनच काढावा लागेल. स्टाफरूममध्ये गुरुजी त्यातल्या संवादांनी एकमेकांना हाका मारायचे. लग्नाच्या वरातीत त्यातलं गाणं वाजायचं. दर सुट्टीत तो टीव्हीवर लागायचा, हे खुर्ची पुढे ओढून बसायचे, आणि मी उठून स्वयंपाकघरात जायचे. "तुला विनोदाचं वावडं आहे," असं हे म्हणायचे. मी कधी खुलासा केला नाही. मला तो सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत माहीत होता. पाहिला मात्र नव्हता. तो मला वहिनीने सांगितला होता, माहेरी केंदूरला, कांद्याच्या वाफ्यात.

त्या वर्षी माझी दहावी होती. दादाचं लग्न होऊन अडीच-तीन वर्षं झाली होती. वहिनी दौंडकडची, उंच, सावळी. पुढच्या दातावर एक दात चढलेला, त्यामुळे हसली की तिचा चेहरा खट्याळ दिसायचा. आणि ती हसायची फार. हसू आवरेना झालं की हातातलं काम टाकून मटकन खाली बसायची. आईला ते आवडायचं नाही. "बाईच्या जातीनं इतकं दात काढू न्हाई," असं ती मला उद्देशून म्हणायची, वहिनीला ऐकू जाईल अशा बेताने. घरात मूल नव्हतं, त्यामुळे वहिनीच्या हसण्याचा हिशेब जास्त कडक झाला होता. दादा या सगळ्यात गप्प असायचा. वाईट नव्हता तो. आबांसमोर त्याचा आवाजच फुटायचा नाही.

परीक्षेच्या दिवसांत पाबळला तंबूतला सिनेमा आला. सगळ्या गावात त्याचीच चर्चा. आबा, आई, दादा आणि वहिनी चौघं ट्रॅक्टरवर बसून गेले. माझा दुसऱ्या दिवशी भूगोलाचा पेपर होता. नकाशाच्या वहीवर डोकं ठेवून मी झोपले, ते परत कधी आले मला कळलंही नाही. सकाळी आई एवढंच म्हणाली, "काय मेलं ते हसायचं!" दादा गोठ्यात होता. वहिनी चुलीपुढे बसली होती. माझ्याकडे बघून तिने नुसत्या भुवया उडवल्या आणि खुणेनेच सांगितलं, पेपर होऊ दे.

पेपर संपले आणि आमची कांदाकाढणी लागली. उपटलेला कांदा वाफ्यात पसरलेला, आणि आम्ही बायका विळे घेऊन पात कापायला ओळीने बसलेल्या. हाताला चिकट रस, डोळ्यांत पाणी, पाठीवर ऊन. आई दुपारची भाकरी घेऊन येईपर्यंत वाफ्यात आमचंच राज्य असायचं. तिथे वहिनीने मला सिनेमा सांगायला घेतला. आठ दिवस पुरवला. कामाला आलेल्या बायकांतल्या एका पारूबाईने तेवढा तो पाहिला होता, बाकी सगळ्या माझ्यासारख्याच.

गोष्ट साधी. एक माणूस लग्न जमवताना सासऱ्याला थाप मारतो की पुण्यात माझा बंगला आहे. बंगला असतो त्याच्या मालकाचा. हा तिथे नुसता कारकून. लग्न होतं, आणि एक दिवस सासरा बंगला बघायला निघाल्याचं पत्र येतं. मग मालकाच्या हातापाया पडून त्याला एका दिवसापुरता स्वयंपाकी व्हायला लावतात. वहिनी मालक व्हायची, कारकून व्हायची, बहिरा सासरा व्हायची. कांद्याच्या पातीची मिशी ओठावर धरायची. सासरा स्वयंपाक्याला म्हणतो, "मीठ कमी हाय," आणि मालक स्वतःच्याच घरात मीठ शोधत फिरतो, तेव्हा तर बायकांचे विळे हातातून गळाले.

चौथ्या-पाचव्या दिवशी ती म्हणाली, "आता मध्यंतर." आम्ही पाणी प्यायलो. आणि मग गोष्ट वळली.

मध्यंतरानंतर त्या कारकुनाच्या बायकोला सगळी थाप कळते. ती रडत नाही. मालकाच्या खुर्चीत जाऊन बसते आणि एकेकाला कामाला लावते. नवऱ्याला भांडी, सासूला झाडलोट. तोंडातून ब्र काढायची कुणाची छाती नाही, कारण तोंड उघडलं की बिंग फुटणार! बायका पोट धरून हसत होत्या. मग ती ट्रंक भरते आणि बापाबरोबर माहेरची एसटी धरते.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय! जाती निघून."

"आणि तो?"

"त्यो एसटीमागं पळतो. एक चप्पल पायात, एक हातात. गाडी काय थांबत न्हाई. पर त्यो दुसऱ्या गाडीनं येतो. आख्ख्या गावाम्होरं हुबा ऱ्हातो आन् म्हन्तो, चुकलं माजं. चल, न्यायला आलोय."

"आन् ती जाती का गं?" एकीने विचारलं.

वहिनीने दोन-तीन कांदे कापून ढिगात टाकले. मग म्हणाली, "आधी त्याला म्हन्ती, बस, च्या घे. दमला असशील."

या वेळी कुणी हसलं नाही. पारूबाई तिच्याकडे बघत होती. दादा पाट्या उचलायला येऊन ढिगापाशी उभा होता. त्याने पाटी खांद्यावर घेतली आणि तो कांदा साठवायच्या चाळीकडे निघून गेला.

कांदा चाळीत भरून झाला. एका दुपारी मी चाळीच्या सावलीला पडले होते आणि पलीकडे आई-आबा बोलत होते.

"आता तिला म्हायेरला धाडा," आई म्हणाली. "चार दिवस म्हनून धाडा. आन् आनायची घाई नको."

"पोराचं काय?"

"त्याला मी सांगते."

मला पंधरावं संपत आलं होतं. न कळण्याइतकी लहान नव्हते. 'आणायची घाई नको' म्हणजे काय, ते मला तिथल्या तिथे कळलं.

दोन दिवसांनी वहिनी निघाली. खुशीत होती. कितीतरी महिन्यांनी माहेर. दादा तिला मोटारसायकलवर शिरूरच्या स्टँडला सोडणार होता. मी आतल्या खोलीत शिरून दार लोटून घेतलं. ती दारापाशी आली. "वन्सं, येते हं मी. निकाल लागला की कळवा." मी दाराच्या आत उभी होते, एक वीत अंतरावर. "वहिनी, जाऊ नको, तुला न्यायला कुणी येणार नाही," एवढंच बोलायचं होतं. ती थोडा वेळ थांबली. "झोपल्या वाटतं," असं म्हणून गेली.

तिला कुणीही आणायला गेलं नाही. तिच्या भावाची दोन पत्रं आली. आबांनी ती वाचून फडताळात ठेवली. पुढच्या वर्षी दादाचं दुसरं लग्न झालं. दुसऱ्या वहिनी चांगल्या आहेत, दोन मुलगे आहेत, घर भरलेलं आहे. पहिलीचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

हे सगळं कारेगावच्या त्या बंद घरात टीव्हीसमोर बसून आठवत होते. पडद्यावर बहिरा सासरा आला, मालक मीठ शोधत फिरला. सगळं वहिनीने सांगितलं होतं तसंच. त्या नटापेक्षा वहिनीचा सासरा सरस होता असं मला वाटलं. मी हसलेसुद्धा, घरात माझा मलाच मोठ्याने आवाज आला. मध्यंतर झालं. आता ती खुर्चीत बसणार म्हणून मी सरसावून बसले.

ती खुर्चीत बसलीच नाही. मध्यंतरानंतर एक चोर येतो, पोलीस येतात, मालक आणि सासरा माडीवरून गवतावर पडतात. लोक वर्षानुवर्षं ज्याला हसतात तो गोंधळ हाच असणार. कारकुनाच्या बायकोला सबंध उत्तरार्धात चारच वाक्यं आहेत. ती चहा आणते. शेवटी सगळे एकत्र उभे राहून हसतात, त्यात ती कडेला पदर सावरत उभी आहे. एसटी नाही, ट्रंक नाही, न्यायला येणं नाही. मी मध्यंतरापासून तो पुन्हा लावला. मला वाटलं, मधला काही भाग कापला असेल.

मुलगा आला तेव्हा पडद्यावर नावं वर सरकत होती आणि मी तशीच बसले होते. "काय गं, कसा वाटला?" त्याने विचारलं. "छान आहे," मी म्हणाले आणि त्याला जेवायला वाढलं.

वहिनी दौंडला आहे, हे मला बारा-तेरा वर्षं माहीत होतं. तिकडून आमच्या शाळेत बदलून आलेल्या एका बाईंनी बोलता बोलता सांगितलं होतं. रेल्वेतल्या एका बिजवराशी तिने पुढे लग्न केलं, आता स्टेशनपासून थोडं आत साड्यांना फॉल-पिको करण्याचं दुकान आहे. बारा वर्षं मी ते ऐकून गप्प होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला म्हटलं, मैत्रिणीकडे जाते, आणि शिरूरहून दौंडची गाडी धरली. न्हावऱ्याच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस लागला. भीमेचा पूल आला तेव्हा परत फिरावं असं फार वाटलं. गाडी काही माझ्या मनाप्रमाणे थांबणारी नव्हती.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मशीनवर एक उंच बाई वाकून बसली होती. केस पूर्ण पांढरे.

"फॉल का पिको?" तिने मान वर न करता विचारलं.

"वहिनी," मी म्हणाले.

मशीन थांबलं. तिने चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

"वन्सं?"

तिने स्टूल पुसून दिलं, पाणी दिलं, आत जाऊन चहा टाकून आली. आई-आबा गेल्याचं तिला कळलं होतं. तिचे रेल्वेतले मालक गेल्याचं तिने सांगितलं, हे गेल्याचं मी सांगितलं. मालकांच्या पहिल्या बायकोच्या दोन मुली तिने वाढवल्या. धाकटी इथेच गल्लीत दिली होती. तिचा पोरगा मध्येच येऊन, "आज्जी, पेन दे," म्हणून घेऊन गेला. बायका येत होत्या, साड्या टाकून जात होत्या, जाताना हिच्याशी दोन शब्द बोलत होत्या. मी इथे एका दुःखी बाईला भेटायला आले होते. आता तिला 'तू' म्हणावं की 'तुम्ही', तेच मला ठरवता येईना. ती मला 'तुम्ही'च म्हणत होती, पूर्वीसारखी. दादाबद्दल तिने एक अक्षर विचारलं नाही.

शेवटी मी सिनेमाचं काढलं.

"तो होय!" ती म्हणाली. "अवं, आम्ही अर्धाच पाह्यला. मध्यंतराला आबा उठलं की, म्हस आज-उद्या व्यायला झालीया, चला. मला लय वाईट वाटलेलं. नंतर बघायचा हुता, पर ऱ्हाऊनच गेला."

"पण वाफ्यात तू मला सगळा सांगितलास. शेवटपर्यंत."

"मी? काय सांगितलं?"

तिला आठवत नव्हतं. एकही शब्द आठवत नव्हता. मग मी सांगायला लागले. बायको खुर्चीत कशी बसते, नवऱ्याला भांडी कशी घासायला लावते, ट्रंक भरून कशी निघते. माझ्याने मिशी लावून दाखवणं होईना, मी आपली धडा शिकवावा तशी सांगत गेले. एसटीमागे तो पळतो इथपर्यंत आले. तिचा हात साडीच्या काठावर होता, तो तिथेच राहिला.

"मंग?" तिने विचारलं. "आला का त्यो न्यायला?"

"आला. आख्ख्या गावासमोर म्हणाला, चुकलं माझं."

"असं सांगितलं व्हय मी." ती बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "अडानी हुते वो मी लय."

मला राहवेना. "वहिनी, तू निघालीस त्या दिवशी मी झोपले नव्हते. दाराआड उभी होते. तुला कुणी आणायला येणार नाही, हे मला माहीत होतं."

"ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"जाग्या हुता ते. दाराखाली तुमची पावलं हुती." तिने चष्मा परत डोळ्यांवर घेतला. "मला वाटलं, मी चालली म्हनून रडत्यात, म्हनून भाईर येत न्हाईत. मी वाटंत त्यांना म्हटलंसुदिक, वन्संला करमायचं न्हाई माज्याबिगर."

एक बाई दोन साड्या घेऊन आली. वहिनीने रंग पाहून रिळं काढली, दोऱ्याची टोकं दातांनी तोडली. मी उठले. तिने थांबायचा आग्रह केला, अगदी माणुसकीने केला, जसा दारात आलेल्या कुणालाही करतात. पुन्हा या म्हणाली. मी हो म्हणाले. पायरी उतरेपर्यंत मशीन सुरू झालं होतं.

दौंडच्या स्टँडवर ऊन रणरणत होतं. शिरूरच्या गाडीला वेळ होता. मी बाकावर बसून दादाला फोन लावला. का लावला कोण जाणे. दुसरं कुणी नव्हतं ज्याला हे सांगता आलं असतं.

"कांदा काढाय लावलाय," तो म्हणाला. "बाया मिळंनात. तू कुठं हायस?"

"दौंडला आले होते. वहिनीला भेटले."

कोणती वहिनी, हे त्याने विचारलं नाही. मागे विहिरीवरची मोटर चालू होती. मग तो चालत कुठेतरी लांब गेला असावा, मोटरीचा आवाज बारीक झाला.

"बरी हाय का?"

"बरी आहे. दोन मुली आहेत, नातवंडं आहेत."

"बरं झालं." फोन ठेवतो की काय असं मला वाटलं. मग त्याचा आवाज आला, "मी गेल्तो एकदा."

"कुठे?"

"आणायला. त्याच वर्षी, दिवाळीच्या म्होरं. आईला बाजारला जातो म्हटलं आन् गाडी काढली. तिच्या गावच्या फाट्यापत्तुर गेल्तो. तितं लिंबाखाली हुबा ऱ्हायलो घंटाभर. काय म्हनावं, कसं म्हनावं, काय जमंना. आलो माघारी."

पासष्ट वर्षांच्या माझ्या भावाने हे कुणाला सांगितलं नव्हतं, हे त्याच्या आवाजावरून समजत होतं. शिरूरची गाडी आत आली, लोक खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरायला लागले. मी बसूनच होते.

"दादा," मी विचारलं, "फाट्यापासून तिचं घर किती लांब होतं रे?"

"लांब कुठलं," तो म्हणाला. "दिसत हुतं."